चौसष्टांची हजेरी

रविवारी सकाळी घंटा वाजवण्याआधी तासभर घंटाकाका चर्चमध्ये एकटेच असत. त्या तासाभरात चर्च जमिनीवर टेकलेलं असतं की नाही, याची त्यांना कधीच खात्री वाटली नाही. उंच खिडक्यांना धुकं चिकटलेलं असे, बाकांच्या पाठी लाटांसारख्या एकामागून एक येत, आणि सगळी इमारत नांगर उचललेल्या बोटीसारखी हळूच डोलते आहे असं वाटे. डॉक्टरांच्या मते डोलायचं ते चर्च नव्हे, काकांचा रक्तदाब. काकांनी डॉक्टरांच्या गोळ्या घेतल्या, पण मत घेतलं नाही.

घंटाकाका म्हणजे चर्चचे झाडूवाले, दिवेवाले, कुलूपवाले आणि घंटावाले. चार माणसांची कामं एका माणसाकडे होती, आणि त्या माणसाचे गुडघे दोन होते, तेही नावापुरते. पण या सगळ्या कामांत त्यांचं खरं काम एकच, गीतपुस्तकं मांडणं. दारापाशी एक कपाट होतं. त्यात काळ्या कापडी बांधणीची चौसष्ट पुस्तकं. बाक सोळा, एकेका बाकावर चार जणांची जागा. प्रत्येकाचं पुस्तक ठरलेलं, जागा ठरलेली. प्रत्येक बाकाच्या पाठीला मागच्या माणसासाठी एक अरुंद फळी होती. तिच्यावर काका ज्याचं त्याचं पुस्तक उभं करून ठेवत. उपासना संपली की पुस्तकं गोळा करत, मोजत, आणि दाराजवळच्या लाकडी पाटीच्या खाचेत आकडे सरकवत. ‘आजची उपस्थिती : ६४.’

गेली एकोणीस वर्षं ती पाटी चौसष्टच सांगत होती.

एकोणीस वर्षांपूर्वी खरोखरच चौसष्ट जण येत. तरुण मंडळी त्याआधीच पांगली होती, राहिले होते ते मुरलेले लोक. मग एका बुधवारी काकांची बायको गेली. आजारपण नाही, निरोप नाही. दूध तापत ठेवलं होतं ते तिच्यानंतर उतू गेलं. त्याच रविवारी काका नेहमीसारखे कपाटाशी उभे राहिले आणि हाताने सवयीने तिचं पुस्तक चौथ्या बाकावर, खिडकीजवळ, ठेवून दिलं. ठेवल्यावर लक्षात आलं. उचलायला हात पुढे केला, तर हात म्हणाला, तुम्ही उचला, मला जमायचं नाही. उपासनेनंतर पुस्तकं गोळा केली तेव्हा ते त्यांत होतंच. होतं म्हणून मोजलं गेलं.

तिथे थांबले असते तर गोष्ट घरातल्या घरात राहिली असती. पण काका न्यायी माणूस. दीड महिन्याने बेकरीवाला गेला. आपल्या बायकोला हजर धरायचं आणि बेकरीवाल्याला गैरहजर, हा कुठला न्याय? बेकरीवाल्याचंही पुस्तक राहिलं. मग दोघी बहिणी, मग दातांचे डॉक्टर, मग चष्मेवाला. एकेक करत सत्तेचाळीस जण देवाघरी गेले आणि एकही जण यादीतून गेला नाही. बाकांवर प्रत्यक्ष सतरा माणसं उरली. पाटीवर चौसष्ट.

कुणाच्या लक्षात कसं आलं नाही, असं विचाराल तर आधीचे म्हातारे पाळक डोळे मिटूनच उपदेश करत, आणि त्यांच्यानंतरचं कारण म्हणजे आताच्या पाळकसाहेबांचा चष्मा. पाळकसाहेब तीन वर्षांपूर्वी आले, तरुण, भले आणि कमालीचे लाजरे. समोरचे चेहरे दिसले की त्यांची जीभ टाळ्याला चिकटे, म्हणून पुलपीटावर, उपदेशाच्या उंच ओट्यावर, चढण्याआधी ते चष्मा काढून खिशात ठेवत. मग खाली दिसे ते नुसतं धूसर उजेडाचं तळं, आणि फळ्यांवर उभी असलेली ती काळी पुस्तकं. वरून, चष्म्याविना, ती हुबेहूब झुकलेल्या डोक्यांसारखी दिसत. इतकी नम्र मंडळी आपल्याला मिळाली याबद्दल पाळकसाहेब रोज रात्री देवाचे आभार मानत. उपासनेनंतर दारात उभे राहून ते हात हातात घेत, पण चष्मा तेव्हाही खिशातच असे, आणि हात मोजायची कुणाला सवय असते?

वर्षाच्या शेवटी पाटीवरचा आकडा वरच्या कार्यालयात जाई. तिथे या वर्षी कुणीतरी सगळ्या चर्चांचे आकडे शेजारी शेजारी लिहून पाहिले. एकूण एक आकडा उतरणीला लागलेला. फक्त इथला एकोणीस वर्षं जागच्या जागी. वरून अभिनंदनाचं पत्र आलं, आणि या यशाचं रहस्य इतर मंडळ्यांनाही कळू द्यावं अशी सूचना आली.

ते पत्र पाळकसाहेबांनी जेवताना बायकोला वाचून दाखवलं. दुर्दैवाने त्या दिवशी तिचा भाऊही जेवायला होता.

हे मेहुणे जाहिरातीच्या धंद्यात होते. त्यांनी आजवर गाद्या, साबण आणि एक संपूर्ण बिनपाण्याची वसाहत विकून दाखवली होती. दुसऱ्याच दिवशी ते पांढरे बूट घालून चर्चमध्ये आले, मधल्या वाटेत उभे राहिले आणि दोन्ही हातांच्या बोटांची चौकट करून तीतून वेदीकडे पाहू लागले.

“काका,” ते म्हणाले, “तुमच्याकडे केवढा माल पडून आहे, कल्पना आहे का?”

“कपाटाच्या मागे जुन्या सतरंज्या आहेत,” काका म्हणाले. “त्या कसरीने खाल्ल्यात.”

“विश्वास, काका. विश्वासाबद्दल बोलतोय मी.” मेहुण्यांनी चौकट काकांच्या चेहऱ्याकडे वळवली. “नुसती ओळ ऐका. ‘एकोणीस वर्षं. एकही जागा रिकामी नाही.’ खाली चर्चचं चित्र. झालं. येत्या रविवारी चित्रीकरण. शेवटचं दृश्य तुमचं. तुम्ही पाटीवर सहा सरकवता, चार सरकवता, आणि कॅमेऱ्याकडे बघून हलकं हसता. हसता येतं ना?”

काकांनी हसून दाखवलं.

“नको. गंभीरच राहा.”

मेहुणे गेले. काका चौथ्या बाकावर, खिडकीजवळच्या जागेच्या शेजारी, बसले. तिच्या जागेवर मात्र ते कधी बसत नसत. ऊन काचेतून उतरून फळीवर आलं होतं. एकोणीस वर्षं हा आकडा त्यांच्या आणि पाटीच्या मधला होता. कुणाचं काही बिघडत नव्हतं. आता तो भिंतींवर चिकटणार, रस्त्यावर टांगला जाणार, लोक तो वाचून येणार. देवाच्या नावावर थाप, आणि थापेचा मालक कोण, तर झाडूवाला. खरं सांगावं तर सत्तेचाळीस पुस्तकं हिशेबातून जाणार, आणि त्यांत पहिलं जाणार ते हिचं. एकदा पुरलं होतं तिला. पुन्हा पुरायचं, तेही आपल्या हाताने.

शनिवारी ते ऑर्गनबाईंकडे गेले. ऑर्गनबाई ऐंशीच्या पुढच्या. हात कापत, पण ऑर्गनवर ठेवले की कापायचे थांबत. शनिवारच्या सरावासाठी त्या बुटांची नाडी बांधत होत्या.

“बाई, माझ्या हातून एक चूक झाली आहे.”

“एकच? मग वयाच्या मानाने बरा आहेस.”

“पुस्तकांची.”

बाईंनी नाडीची गाठ पक्की केली. “माझ्या नवऱ्याचं पुस्तक तू सातव्या बाकावर ठेवतोस. बारा वर्षं ठेवतोयस. ऑर्गनवर आरसा कशाला असतो? पाळक कधी उठतो ते दिसायला. पण आरशाला काय, तो सातवा बाकही दाखवतो.”

काकांना बसावंसं वाटलं. ते बसले.

“तुम्ही काही बोलला नाहीत.”

“काय बोलू? जिवंतपणी त्या माणसाने इतकी नियमित हजेरी कधी लावली नव्हती. म्हटलं, आता सुधारलाय तर सुधारू दे.” मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, “बाकीच्यांनाही ठाऊक आहे रे. प्रत्येकाचं कुणी ना कुणी आहे तुझ्या त्या कपाटात. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण आता मेहुणे ती मूठ विकायला निघालेत. तेव्हा उघडायची की नाही ते तू बघ.”

“तुम्ही सांगा ना.”

“मी ऑर्गन वाजवते. गाणं मंडळींनी म्हणायचं असतं.”

त्याच संध्याकाळी काकांनी निम्मी मूठ उघडली. म्हणजे पाळकसाहेबांकडे निघाले होते, वाटेत मेहुणे भेटले, आणि भित्र्या माणसाला वाटेत भेटेल तो पाळकच वाटतो. काकांनी सगळं सांगितलं. दूध उतू गेलं तिथपासून. मेहुण्यांनी मधे एकदाही अडवलं नाही.

“म्हणजे प्रत्यक्षात सतरा,” ते शेवटी म्हणाले.

“सतरा.”

मेहुण्यांनी पांढऱ्या बुटावरचा एक ठिपका रुमालाने पुसला. मग त्यांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला. “काका, वेळेवर सांगितलंत ते फार बरं केलंत.”

काकांच्या छातीवरून काहीतरी उतरल्यासारखं झालं.

“उरलेल्या सत्तेचाळीस जणांची व्यवस्था मी करतो. भावोजींना मात्र बोलू नका. साधा माणूस आहे.”

रविवारी धुकं जरा जास्तच होतं. काकांनी चौसष्ट पुस्तकं मांडली, घंटा वाजवली, आणि घंटेचा शेवटचा टोला अजून हवेत असतानाच धुक्यातून एक लांबलचक बस आवाज न करता आली. तीतून माणसं उतरू लागली. मेहुणे कामाला चोख. त्यांनी जुने कोट आणले होते, जुन्या टोप्या, कोपरांपाशी विरलेले स्वेटर. खोगीरभरती होती, पण खोगीर नीट घासूनपुसून आणलेलं. माणसं एकेक करून आत आली, आणि जिथे पुस्तक असूनही माणूस नव्हता तिथे जाऊन बसली. खरे सतरा जण माना न वळवता आपापल्या जागी बसून होते. घरात पाहुणे आले आणि यजमानालाच ओळख पटेना, तसे.

काका मागे दाराशी उभे होते, कॅमेऱ्याच्या शेजारी. तिथून फक्त पाठी दिसत होत्या.

आणि पाठींनी घात केला. दुसऱ्या बाकावर बेकरीवाला बसला होता, उजवा खांदा खाली पडलेला. त्याच्यामागे दोघी बहिणी, डोक्याला डोकं लावून. चष्मेवाला मान पुसत होता. सातव्या बाकावर बाईंचा नवरा, यायचं नव्हतं पण आणलंय अशा ऐटीत. खिडक्यांबाहेर पांढरं धुकं, आत मेणबत्त्यांचा उजेड. बोट पुन्हा डोलू लागली, आणि या वेळी काकांना डॉक्टरांची आठवणसुद्धा झाली नाही. त्यांनी हळूच चौथ्या बाकाकडे पाहिलं. खिडकीजवळ ती बसली होती. राखाडी स्वेटर, मानेवर सैल अंबाडा. केसांची एक बट सुटलेली. ती नेहमीच सुटत असे. तिने पुस्तक उघडलं.

काकांनी मोजायला सुरुवात केली. दर रविवारी मोजत, पण पुस्तकं. माणसं मोजून एकोणीस वर्षं झाली होती. एकेका बाकावर चार. सोळा बाक. चौसष्ट. पुन्हा मोजलं. चौसष्टच. पाटीने आयुष्यभर सांगितलेलं आज तंतोतंत खरं ठरलं होतं. काकांचे डोळे भरून आले, आणि मेहुण्यांनी कॅमेरेवाल्याला खूण केली, हे घे, हे घे.

मग ऑर्गनबाईंनी पहिला सूर धरला आणि सगळे उठले.

चौसष्ट जण उठले आणि सतरा जणांचा आवाज आला.

नव्या लोकांना फक्त ओठ हलवायला सांगितलं होतं. गाणं येत नसलेल्यांनी गायल्यास आवाज बिघडतो, असं मेहुण्यांचं शास्त्रीय मत होतं. चर्च भरलेलं होतं आणि आवाज मात्र तोच, दर रविवारचा, सतरांतला शिंपी सगळ्यांच्या पुढे पळणारा, मोडका, पातळ, घरचा. काकांची बायको नेहमी अर्धा ठोका मागे गात असे. सगळ्यांचं गाणं थांबलं की तिचा एक शब्द हवेत एकटा शिल्लक राही, आणि ती जीभ चावून काकांकडे बघे. काका कडव्याच्या शेवटाची वाट पाहत राहिले. कडवं संपलं. सगळे थांबले. चौथ्या बाकावरचे ओठ तर सगळ्यांबरोबर, अगदी वेळेवर, बंद झाले होते.

बोट जमिनीला टेकली.

खिडकीजवळची बाई वळून बसली. पंचविशीची मुलगी होती, कुणाची तरी कुणीतरी, चेहऱ्यावर सकाळी लवकर उठवल्याचा थकवा. तिच्या हाताला पुस्तकातलं एक जुनं बसचं तिकीट लागलं होतं. तिने ते उलटंसुलटं पाहिलं आणि होतं त्याच पानात परत ठेवलं. त्या एवढ्याशा गोष्टीसाठी काकांनी तिला पुढे कायम आशीर्वाद दिला.

उपदेश झाला. पाळकसाहेब धूसर तळ्याकडे पाहत खूप छान बोलले. मग मेहुण्यांनी हात वर केला, दिवे पाटीवर वळले, आणि चौसष्ट माना मागे वळल्या. सहा आणि चारचे तुकडे खाचेत आधीपासूनच होते. मेहुण्यांनी खुणेनेच सांगितलं, काढा आणि पुन्हा सरकवा.

ते निघेनात. एकोणीस वर्षांत लाकूड फुगलं होतं. काकांनी खिशातून कपाटाची किल्ली काढली, टोक आत घातलं आणि जोर दिला. सहा निघाला. चार निघताना कोपऱ्यावर थोडा दुखावला. खाली लाकूड नव्यासारखं पांढरं होतं. काकांनी कपाटाचा खण उघडला, बराच वेळ शोधलं, आणि एक आणि सात बाहेर काढून एकेक करत सरकवले. वापर नसल्यामुळे त्यांचा रंग करकरीत होता.

“काका,” मेहुणे दबक्या आवाजात म्हणाले, “सहा. चार.”

“ते मी ठेवत होतो,” काका म्हणाले. आवाज मोठा झाला, कारण चर्च गप्प होतं. “आलेले सतराच. बाकीची माणसं बसने आली आहेत, त्यांचा दोष नाही. त्याआधी एकोणीस वर्षं बाकीची कुठूनच येत नव्हती. मीच त्यांची पुस्तकं मोजत होतो. पहिलं माझ्या बायकोचं.”

पुलपीटावर पाळकसाहेबांचा हात खिशात गेला. त्यांनी चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला आणि तीन वर्षांत पहिल्यांदा आपली मंडळी पाहिली. जुन्या कोटांतली अनोळखी तोंडं पाहिली आणि मधूनमधून पेरल्यासारखे म्हातारे पाहिले.

“मग मी तीन वर्षं कुणाला उपदेश करत होतो?”

“आम्हाला,” ऑर्गनबाई आरशात बघून म्हणाल्या. “सतरा जणांना. बाकीच्यांना तशी गरज उरली नव्हती.”

सातव्या बाकावरचा भाड्याचा नवरा हसला आणि त्याला कुणी गप्प केलं नाही.

मेहुण्यांनी कॅमेरा थांबवला. पण हरणं हे त्यांच्या धंद्यात बसत नव्हतं. दोन मिनिटांत ते बोटांची चौकट करून पाटीकडे बघत होते. “भावोजी, हे त्याहून भारी आहे. ‘फक्त सतरा. पण खरे.’ काका आकडे उपटतात ते दृश्य आहेच आपल्याकडे. लोक रडतील.”

“नको,” पाळकसाहेब म्हणाले.

“खोटं नाही यात काही.”

“म्हणूनच नको. विकलंस की पुढच्या रविवारी आम्ही सतराच राहावं म्हणून कुणालातरी दारात थांबवावं लागेल.” एवढं मोठं वाक्य चष्मा लावून बोलल्यामुळे ते लाल झाले होते. “बसवाल्यांना चहा दे आणि पोचव. कोट परत कर.”

वरच्या कार्यालयाला नवा आकडा कळवला गेला. तिकडून विचारणा आली की एका आठवड्यात सत्तेचाळीस सभासद कमी होण्याचं कारण काय. पाळकसाहेबांना खोटं लिहायचं नव्हतं, म्हणून त्यांनी एका शब्दात लिहिलं, ‘मृत्यू.’ कार्यालयाने तातडीने शोकसंदेश पाठवला आणि विहिरीचं पाणी तपासून घ्यावं असं सुचवलं.

पुढच्या रविवारी पाटीवर सोळा लागले. शिंप्याला सर्दी होती.

पुस्तकांचं काय करायचं, असं काकांनी पाळकसाहेबांना विचारलं होतं. पाळकसाहेबांनी चष्मा पुसला आणि पुन्हा लावला. ते म्हणाले, मांडायला काही हरकत नाही. मोजू नका. तेव्हा काका अजून चौसष्ट पुस्तकं मांडतात, आणि उपासनेनंतर गोळा करताना प्रत्येकावर तळवा ठेवतात. तासभर कुणी हातात धरलेलं पुस्तक ऊबदार लागतं, नुसतं उभं राहिलेलं गार लागतं. ऊबदार तेवढी मोजायची. एवढी सोपी रीत एकोणीस वर्षं सुचली नाही, याचं त्यांना नवल वाटतं.

धुकं लवकर फिटलेल्या एका रविवारी ते असेच मागच्या बाकांपासून मोजत आले. अकरा, बारा. पाचव्या बाकावर तेरावं. चौथ्या बाकावर, खिडकीजवळ, तळवा ठेवला तर पुस्तक ऊबदार होतं.

काकांनी खिडकीकडे पाहिलं. ऊन सरळ फळीवर पडत होतं, काचेपासून पुस्तकापर्यंत पट्टा आखल्यासारखं. ऊन कुठून येतं आणि वस्तू कशी तापवतं, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. त्यांनी हात लगेच उचलला नाही. चर्च किंचित डोललं. बाहेर पाळकसाहेब कुणाशी तरी मान वर करून बोलत होते.

मग त्यांनी ते पुस्तक इतर गार पुस्तकांच्या गठ्ठ्यावर ठेवलं, पुढच्या बाकाकडे गेले आणि चौदापासून मोजू लागले.